पीळ सोडवणाऱ्यालाच अडकवणारं झाड

दक्षिण चीनमध्ये, यांगत्से नदीच्या दोन्ही अंगांना, वीस-पंचवीस मीटर सरळसोट वाढणारं एक झाड आहे. चिनी भाषेत त्याला शी-शू म्हणतात, म्हणजे आनंदाचं झाड. शास्त्रीय नाव कॅम्पटोथेका अ‍ॅक्युमिनाटा. फळं मोठी मजेशीर दिसतात: बोटाच्या पेराएवढी, चपटी, गोल गड्ड्यात रचलेली, जणू खेळण्यातल्या केळ्यांच्या फण्या एकत्र बांधून कुणी चेंडू केलाय. चिनी वैद्यकात या झाडाची साल, मुळं आणि फळं सोरायसिसवर आणि यकृताच्या, पोटाच्या दुखण्यांवर वापरात होती. आतड्याच्या कॅन्सरला दिल्या जाणाऱ्या 'फोल्फिरी' केमोमधलं 'इरि' म्हणजे इरिनोटेकान. ते याच झाडातून निघालेल्या कॅम्पटोथेसिन नावाच्या रेणूचं सुधारलेलं रूप. अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं टोपोटेकान हे त्याचं भावंड.

पण हे औषध सापडलं ते चिनी वैद्यकाचे ग्रंथ चाळून, असा समज असेल तर तो सोडलेला बरा. १९५०च्या दशकात अमेरिकेचं कृषी खातं कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी वनस्पतींमधली स्टेरॉइड्स शोधत होतं. हजारो झाडांचे अर्क काढून ठेवले होते. त्या कामावरचे रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांनी त्यातले हजारभर अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला पाठवले. उंदरांच्या गाठींवर ठळक परिणाम दिसलेल्यांत शी-शूचा अर्क होता, आणि तो आला होता कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी बागेत लावलेल्या झाडांवरून. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे त्यांच्या जोडीला आले मनसुख वाणी. जन्म १९२५चा, आपल्या नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि मग अमेरिकेत. या जोडीने १९६६मध्ये कॅम्पटोथेसिनची रचना प्रसिद्ध केली आणि १९७१मध्ये टॅक्सॉलची. केमोच्या वॉर्डात रोज लागणाऱ्या दोन औषधघराण्यांची मुळं एकाच प्रयोगशाळेत सापडावीत आणि त्यातला एक माणूस खानदेशचा असावा, हे आपल्याकडे जेवढं सांगितलं जायला हवं तेवढं सांगितलं जात नाही.

कॅम्पटोथेसिन वेगळं काढायची तेव्हाची रीत आजही शिकण्यासारखी आहे. लाकूड आणि साल मिळून वीसेक किलो माल वाळवून दळला. आधी गरम हेप्टेनने धुऊन त्यातलं तेल, मेण काढून टाकलं. उरलेल्या चोथ्यातून ९५ टक्के अल्कोहोलने अर्क काढला, तो आटवला आणि त्यातला भाग क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेतला. मग दोन न मिसळणाऱ्या द्रावकांत पुन्हापुन्हा वाटणी करत शुद्ध करत नेलं. प्रत्येक टप्प्यानंतर प्रत्येक भाग रक्ताचा कॅन्सर असलेल्या उंदरांना देऊन पाहिला जाई. ज्या भागाने उंदीर जास्त जगले तो पुढे न्यायचा, बाकीचा बाजूला. काम वेळखाऊ, पण वाट चुकायची भीती कमी. शेवटी फिकट पिवळे स्फटिक हाती आले. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हा पदार्थ झगझगीत निळा चमकतो, म्हणून मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या थर-वर्णलेखनाच्या पट्टीवर तो कुठे पोचलाय हे डोळ्यांनीच कळतं.

आता तो पेशीत करतो काय?

पेशी दुभंगण्याआधी तिला डीएनएची नक्कल काढावी लागते. डीएनए म्हणजे दोन पेडांचा पिळलेला दोर. नक्कल काढणारी यंत्रणा हे पेड उलगडत पुढे सरकते. सुतळीचे दोन पेड मधूनच फाकवून ओढले की पुढच्या भागात पीळ वाढत जातो आणि शेवटी सुतळीच्या गाठी वळतात, तसंच इथे होतं. दोन पेडांवरची अक्षरं समोरासमोर जोडीने बसलेली असतात; अशा दर साडेदहा जोड्यांना एक वळसा आणि यंत्रणेचा वेग मिनिटाला दीड-दोन हजार जोड्यांचा. म्हणजे मिनिटाला दीडशेच्या आसपास वळसे कुणीतरी सोडवायला हवेत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण डीएनएला लागू पडली असती तर एकही पेशी दुभंगली नसती. पीळ घालवायचं काम टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम करतं. ते दोनपैकी एकच पेड कापतं आणि कापलेल्या टोकाला स्वतःच्या ७२३व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाने घट्ट धरून ठेवतं. अखंड राहिलेल्या पेडाभोवती दोर फिरतो, पीळ सुटतो. मग ते टोक पुन्हा सांधून एन्झाइम निघून जातं.

कॅम्पटोथेसिनचा रेणू पाच वलयांचा, पसरट. तो नेमका त्या कापाच्या फटीत, वरच्या आणि खालच्या जोडीच्या मध्ये सरकून बसतो. टोकं समोरासमोर येत नाहीत, सांधा होत नाही. एन्झाइम डीएनएला चिकटलेलंच राहतं. एवढ्याने पेशी मरत नाही. औषध निघून गेलं की सांधा होतो आणि काम पुढे चालू. पण त्याच वेळी नक्कल काढणारी यंत्रणा मागून येऊन या अडकलेल्या एन्झाइमवर आदळली, तर एका पेडाचा काप दोन्ही पेडांच्या तुटीत बदलतो. ती तूट पेशीला सहजी भरून काढता येत नाही. म्हणून मार बसतो तो नक्कल काढत असलेल्या पेशींना. गाठीत अशा पेशी पुष्कळ असतात. पण अस्थिमज्जेत, आतड्याच्या अस्तरात आणि केसांच्या मुळाशीही असतात. पुढचे दुष्परिणाम इथूनच सुरू होतात.

टोपोआयसोमरेज-१ हेच लक्ष्य आहे हे १९८५मध्ये दिसून आलं. त्याचा पक्का पुरावा तीनेक वर्षांनी यीस्टने दिला. ज्या यीस्टमधून या एन्झाइमचा जनुक काढून टाकला त्यावर कॅम्पटोथेसिनचा काही परिणामच होईना. हे औषध एन्झाइमला नुसतं बंद पाडत नाही, त्यालाच हत्यार बनवतं. म्हणून ज्या पेशीत हे एन्झाइम जास्त, ती जास्त मरते. औषधशास्त्रात बहुतेक ठिकाणी याच्या उलटं घडतं.

पण १९८५च्या आधीच हे औषध एकदा बाद झालं होतं, आणि ते का झालं यात सगळी गंमत आहे.

कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणजे नाहीच; लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम. शिरेतून द्यायचं तर विरघळवायला हवं. पाचव्या वलयात एक लॅक्टोन, म्हणजे उघडू-मिटू शकणारी जोडणी, आहे. कॉस्टिक सोड्याने ते वलय उघडलं की सोडियमचं मीठ बनतं आणि ते पाण्यात छान विरघळतं. १९७०च्या आसपास अमेरिकेतल्या चाचण्यांत हेच मीठ दिलं गेलं. गाठींवर परिणाम जेमतेम. पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या, जुलाब लागले आणि लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबल्या.

कारण नंतर उमगलं. एन्झाइमच्या फटीत नीट बसतो तो मिटलेल्या वलयाचा रेणू. उघडलेला जवळजवळ निकामी. वलय मिटलेलं राहणार की उघडणार हे आम्लतेवर ठरतं. आम्लात मिटलेलं, रक्ताच्या ७.४ पीएचला उघडं. त्यात माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या रूपाला कवटाळून बसतं, त्यामुळे तोल आणखीच तिकडे झुकतो. उंदराचं अल्ब्युमिन तसं करत नाही. म्हणून उंदीर बरे झाले आणि माणसं झाली नाहीत. आणि लघवी? ती आम्लधर्मी. रक्तातून गाळून आलेला उघडा, निरुपद्रवी रेणू मूत्राशयात पोचून पुन्हा मिटला, जागा झाला आणि त्याने मूत्राशयाचं अस्तर सोलून काढलं. रुग्णाच्या गाठीत जिथे औषध हवं होतं तिथे ते झोपलेलं, आणि नको होतं तिथे जागं.

जपानमध्ये यातून वाट काढली ती याकुल्त होन्शा या कंपनीने. हो, तीच, दुधाच्या छोट्या बाटल्यांवाली. त्यांनी वलयांच्या सातव्या आणि दहाव्या जागी बदल करून एसएन-३८ नावाचा जबर रेणू बनवला. पण तोही विरघळेना. मग दहाव्या जागेवर पाण्यात विरघळणारं एक शेपूट जोडलं, तेच इरिनोटेकान. ते स्वतः फारसं काही करत नाही. शरीरात गेल्यावर मुख्यतः यकृतातली एन्झाइम्स शेपूट तोडतात आणि एसएन-३८ मोकळं होतं. ते इरिनोटेकानपेक्षा शेकडो पटींनी प्रभावी. जपानमध्ये १९९४ला आणि अमेरिकेत १९९६ला मान्यता मिळाली. टोपोटेकानही १९९६चंच.

वलयाची ही भानगड आजही औषध तयार करणाऱ्या टेबलावर दिसते. इरिनोटेकानच्या कुपीत मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असतं, सोबत सॉर्बिटॉल आणि लॅक्टिक आम्ल. द्रावणाचा पीएच ३ ते ३.८. म्हणजे वलय मिटलेलं. पातळ करायला शक्यतो ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली घेतात, कारण ती सलाईनपेक्षा आम्लधर्मी. फोल्फिरीत मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १८० मिलिग्रॅम. १.६ चौरस मीटरच्या माणसाला २८८ मिलिग्रॅम, म्हणजे १४.४ मिलिलिटर, ५०० मिलिलिटर डेक्स्ट्रोजमध्ये, नव्वद मिनिटांत. अंतिम तीव्रता मिलिलिटरला ०.१२ ते २.८ मिलिग्रॅमच्या मध्ये हवी. इथे ती ०.५६ येते. दर चौदा दिवसांनी पुन्हा, पण रक्ताच्या मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५००च्या आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील आणि आधीचे जुलाब पूर्ण थांबले असतील तरच. सॉर्बिटॉल असल्यामुळे जन्मजात फ्रुक्टोज न सोसणाऱ्यांना हे चालत नाही, हे विचारायचं अनेकदा राहून जातं.

जुलाब दोन प्रकारचे आणि दोन्हींचा इलाज वेगळा. गल्लत इथेच होते. पहिला प्रकार औषध चालू असताना किंवा चोवीस तासांच्या आत. सोबत घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा. कारण चेतातंतूंचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला इरिनोटेकान अडवतं. यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन ०.२५ ते १ मिलिग्रॅम देतात आणि बहुतेकदा काम भागतं. दुसरा प्रकार चोवीस तासांनंतर, पुष्कळदा पाचव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे माणूस घरी असताना. जिवाला धोका याचाच. यकृत एसएन-३८ला ग्लुक्युरोनिक आम्लाचा बिल्ला लावून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. आतड्यातले जिवाणू तो बिल्ला कातरून टाकतात, कारण त्यांना ते आम्ल खायला हवं असतं. एसएन-३८ पुन्हा मोकळं, आणि समोर आतड्याचं सतत दुभंगणारं अस्तर.

त्यामुळे घरी जाताना लोपेरामाइडच्या २ मिलिग्रॅमच्या गोळ्या हातात असायला हव्यात. नेहमीची शिकवण अशी: पहिला पातळ जुलाब झाला की लगेच दोन गोळ्या, मग दर दोन तासांनी एक, रात्री झोपेसाठी दर चार तासांनी दोन, बारा तास जुलाब झाला नाही की बंद. ही मात्रा पाकिटावरच्या मर्यादेपेक्षा जास्त असते, म्हणून ती आपल्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची आणि ४८ तासांच्या पुढे न्यायची नाही, कारण जास्त लोपेरामाइडने हृदयाचे ठोके बिघडतात. आधीपासूनच 'खबरदारी' म्हणून घेत बसू नये. मीठ घातलेली पेज, ओआरएस, थोडं थोडं आणि सतत. जुलाबासोबत ताप ३८ अंश सेल्सियसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गोळ्यांचा हिशोब न करता थेट रुग्णालय. पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात आणि आतड्याचं अस्तर सोललेलं, जिवाणूंना रक्तात शिरायला मोकळं रान. आणि पोट साफ राहावं म्हणून रात्री त्रिफळा चूर्ण घ्यायची सवय असेल तर ती या दिवसांत बंद.

तो बिल्ला लावणारं एन्झाइम यूजीटी१ए१. काहींमध्ये जन्मतःच ते कमी बनतं. उपास केला की डोळे किंचित पिवळे दिसणारी गिल्बर्ट सिंड्रोमवाली मंडळी बहुतेक याच गटातली. त्यांच्यात एसएन-३८ साचून राहतं. या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती '*२८' या प्रकारच्या निघाल्या तर मात्रा कमी करून सुरुवात करतात; चीन-जपानमध्ये '*६' हा प्रकार जास्त बघावा लागतो. रक्ताची साधी तपासणी आहे. ज्यांचा बिलिरुबिन विनाकारण थोडा वर असतो त्यांनी पहिल्या सलाईनच्या आधीच विषय काढावा.

केमोसोबत 'नैसर्गिक आहे, काय बिघडतं' म्हणून घेतलेल्या वनस्पतींचं काय होतं याचंही उदाहरण याच औषधावर आहे. युरोपात उदासीवर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात. आपल्याकडेही तिच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात. ती यकृतातली एन्झाइम्स चाळवते. पाच रुग्णांच्या लहानशा अभ्यासात तिच्यामुळे रक्तातलं एसएन-३८ ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे केमो पूर्ण घेतली आणि काम करणारं औषध निम्म्याच्या आसपास. दुसऱ्या बाजूला हुआंग छिन थांग हा चीनमधला सुमारे अठराशे वर्षांचा काढा: स्कुटेलारियाचं मूळ, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमधाचा चिनी भाऊ आणि लाल खजुरासारखं दिसणारं चिनी बोर. येल विद्यापीठात त्याचा प्रमाणित अर्क करून इरिनोटेकान दिलेल्या उंदरांना दिला, तर आतड्याचं अस्तर लवकर भरून आलं आणि गाठीवरचा परिणाम कमी झाला नाही. हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांसाठी ते अजून मान्यताप्राप्त औषध नाही. तरी परंपरेतला काढा जुलाबावरचा होता आणि तपासलाही जुलाबावरच गेला, ही सरळ चाल पटण्यासारखी आहे.

आता सह्याद्रीकडे यायलाच हवं. घाटमाथ्यावर महाबळेश्वर, कोयना, आंबोली पट्ट्यात नरक्या नावाचं झाड वाढतं. फुलांना घाण वास. जुन्या शास्त्रीय नावातलं 'फोएटिडा' त्यावरूनच. आजचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. शी-शूशी याचं जवळचं नातं नाही, तरी रेणू तोच. १९७२मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी नरक्यातून कॅम्पटोथेसिन काढून दाखवलं. शी-शूच्या सालीत ते अगदी नाममात्र. नरक्याच्या लाकडात मात्र हजार भागांत एक ते तीन भाग. त्यामुळे जगभरच्या औषध कारखान्यांचं लक्ष इकडे वळलं आणि नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. पानांत माल कमी, लाकडात आणि मुळात जास्त. म्हणजे काढायचं तर झाडच जातं.

नरक्याचा काढा प्यायला की कॅन्सर बरा होतो, असे फॉरवर्ड फिरतात; हेच आकडे वापरून त्यांचा हिशोब करता येतो. दहा ग्रॅम लाकडात दहा ते तीस मिलिग्रॅम कॅम्पटोथेसिन. कपभर पाण्यात त्यातलं एक मिलिग्रॅमही धड विरघळणार नाही; पण न गाळलेला चोथा पोटात गेला, किंवा काढ्यात खायचा सोडा पडला आणि वलय उघडून भरपूर विरघळलं, तर कित्येक पट जास्त जाईल आणि पोटाच्या आम्लात ते पुन्हा मिटेल. एका झाडात जेवढं आहे तेवढं शेजारच्या झाडात नाही. फांदीत एक, मुळात दुसरं. उपयोगी मात्रा आणि अस्थिमज्जा बसवणारी मात्रा यांच्यातलं अंतर आधीच बोटभर. रुग्णालयात त्यासाठी दशांशापर्यंत मिलिलिटर मोजतात, चुलीवर ते मुठीने मोजलं जातं.

गेल्या काही वर्षांत हा रेणू पोचवायची पद्धत बदलली आहे. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकानमध्ये, ज्याला अमेरिकेत २०१९च्या डिसेंबरात मान्यता मिळाली, काही कॅन्सरपेशींवर जास्त असणारं हर-२ हे प्रथिन ओळखणाऱ्या प्रत्येक अँटिबॉडीला कॅम्पटोथेसिनच्या घराण्यातले आठेक रेणू टांगलेले असतात. अँटिबॉडी पेशीत शिरली की ते सुटतात. जुलाबांपेक्षा इथे फुप्फुसाच्या सुजेवर डोळा ठेवावा लागतो. नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं.

राहता राहिला एक प्रश्न, जो शाळकरी पोरसुद्धा विचारेल: एवढं विष अंगात घेऊन शी-शू स्वतः कसं जगतं? त्यालाही पेशी दुभंगायच्या असतात, त्याच्याकडेही टोपोआयसोमरेज-१ आहे. २००८मध्ये जपानी संशोधकांनी हे तपासलं. कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या झाडांच्या एन्झाइममध्ये, डीएनएचं टोक धरणाऱ्या टायरोसिनच्या अगदी शेजारी, माणसाच्या एन्झाइमच्या मोजणीने ७२२व्या जागी, अस्पॅराजिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी सेरिन हे दुसरं बसलेलं निघालं. एवढ्या एका बदलाने औषधाला फटीत पाय रोवता येत नाही. प्रयोगशाळेत कॅम्पटोथेसिन देत देत वाढवलेल्या माणसाच्या रक्तकॅन्सरच्या पेशी जेव्हा औषधाला दाद देईनाशा झाल्या होत्या, तेव्हा त्यांच्यात सापडलेला बदलही हाच होता: ७२२, अस्पॅराजिनच्या जागी सेरिन.